युनशी गावात घरी का रडत नाहीत

डोंगर चढून युनशीला येणाऱ्या पाहुण्यांना गाव दिसायच्या आधी धबधबा ऐकू येतो. तो काही फार उंच नाही. पण कड्याच्या चिंचोळ्या फटीतून पाणी खाली कोसळतं आणि दोन्ही अंगचे खडक तो आवाज असा घुमवतात, की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं कळत नाही. ह्या गावात कुणी गेलं तर घरात कोणी रडत नाही. शेजारी येतात, शवपेटी उचलतात, माती देतात, सगळं मुकाट्यानं. मग सगळे मिळून धबधब्याकडे चालत जातात आणि पाण्याच्या अगदी जवळ उभे राहून मोकळ्या गळ्यानं रडतात. परक्या माणसाला हे पाहून नवल वाटतं. वाटेवर थान नावाच्या म्हाताऱ्याचं चहाचं दुकान आहे. तो पाहुण्यांना बसवून घेतो आणि शू सुइयिनची हकीकत सांगतो. कुठल्या सम्राटाच्या काळातली, ते त्याला ठाऊक नाही. त्याच्या आजोबांनाही नव्हतं म्हणे.

शू कुटुंब मूळचं इथलं नव्हे. खाली सपाटीवर, मोठ्या नदीच्या काठी त्यांचं घर होतं. एका पावसाळ्यात नदीचा बांध फुटला. सुइयिन बापाच्या खांद्यावर होती, थोरला बोयान बापाचा हात धरून पळत होता, आणि आई मागून येत होती. बापानं वळून पाहिलं तेव्हा मागे नुसतं पाणी होतं. तो दोन पोरांना घेऊन चालत राहिला, आणि जिथून नदी दिसत नाही अशा ह्या डोंगरात येऊन थांबला. इथं त्यानं राळ्याची शेती केली. बोयान हुशार निघाला. एकेक परीक्षा देत तो राजधानीला गेला, आणि केस पिकू लागले तेव्हा साम्राज्याचा महामंत्री झाला. सम्राटाच्या खालोखाल त्याचंच आसन. सगळी खाती त्याच्या हाताखाली, सगळे हुकूम त्याच्या शिक्क्यानं निघायचे. सुइयिन लग्नानंतर लवकरच विधवा होऊन बापाकडे परत आली होती. भाऊ राजधानीत आणि ती चुलीपाशी, पण दोघांना एकमेकांची माया फार.

महामंत्री होताच बोयाननं एकच गोष्ट मागितली, मोठ्या नदीचा बांध नव्यानं, दगडात बांधायची. दरबारात बहुतेकांचा विरोध होता. तरी त्यानं सम्राटाला राजी केलं आणि काम सुरू झालं. सगळ्यांना ठाऊक होतं, की बोयान त्या आसनावर आहे तोवरच हे काम चालेल.

त्याच वर्षी, राळं कापणीला आलं असताना, बापानं अंथरूण धरलं.

त्या काळी साम्राज्यात असा नियम होता, की आई किंवा बाप गेला की मुलानं शिक्का खाली ठेवायचा, घरी यायचं आणि तीन वर्षं सुतक पाळायचं. मग तो साधा कारकून असो की महामंत्री. जो मरण लपवील तो मोठा गुन्हेगार, आणि जे त्याला साथ देतील तेही. म्हाताऱ्याला हे पक्कं माहीत होतं. त्यानं गावच्या मुखियाला आणि चार शेजाऱ्यांना बोलावून घेतलं आणि सगळ्यांसमोर लेकीला म्हणाला, "बांध पुरा होईपर्यंत मी जिवंत आहे. कळलं? माझ्यासाठी सुतकाचं पांढरं नेसू नकोस. माझ्यासाठी रडू नकोस."

सुइयिननं मान डोलावली. बाप दुसऱ्या दिवशी दुपारी गेला.

गावानं शब्द पाळला, असं सांगतात. टपालाचे घोडेस्वार गावाखालच्या रस्त्यानं रोज जायचे, कचेरीची माणसं येऊन-जाऊन असायची. थडगं दिसलं असतं तर बातमी लगेच राजधानीला पोचली असती. म्हणून म्हाताऱ्याला त्याच्याच शेतात पुरलं, वर माती सारखी केली आणि नांगर फिरवला. पुढच्या हंगामात तिथं राळं उगवलं. सुइयिन पूर्वीसारखीच रंगीत कपड्यात वावरायची, बापाची खोली झाडायची, त्याच्या वाटीत भात वाढायची. हुंदका दाटून आला की घागर उचलून ती धबधब्याकडे चालू लागायची. तिथं पाण्याच्या आवाजात ती ओरडून रडायची. मग तोंड धुऊन, घागर भरून परत. हळूहळू गावातल्या आणखी बाया तिच्यासोबत जाऊ लागल्या. ज्याचं त्याचं दुःख वेगळं होतं. कुणी कुणाला विचारत नसे.

दर वर्षी नव्या वर्षाच्या आधी बोयानचा माणूस यायचा. बापासाठी औषधी मुळ्या आणायचा, कापूस भरलेला अंगरखा आणायचा. सुइयिन सांगायची, बाबा झोपलेत, बाबा वरच्या देवळात गेलेत, बाबांना आता ऐकू येत नाही. अंगरखे ती घडी करून पेटीत ठेवायची. एकदा त्या माणसानं विचारलं, महामंत्र्यांना घरी यायची फार ओढ लागली आहे, वडिलांचं काय म्हणणं आहे? ती म्हणाली, "बाबा म्हणतात, बांध झाल्यावर ये."

बांध पुरा झाला. पहिला मोठा पूर आला आणि बांधाला टेकून उतरून गेला. एकही गाव बुडालं नाही. तेव्हा कुठे बोयाननं सम्राटाकडे रजा मागितली आणि तो घरी आला. पालखी त्यानं डोंगराखालीच सोडली, दरबारी वस्त्रं उतरवली आणि साध्या कपड्यात पायी चढून आला. शेतातली माणसं त्याला पाहून माना खाली घालत होती. त्याला वाटलं, मोठ्या पदाचा मान राखताहेत. दारात येऊन त्यानं हाक मारली, "बाबा, पाणी अडलं."

आतून सुइयिन एकटीच आली. तिचा चेहरा पाहूनच तो समजला.

"कधी?"

"तू काम सुरू केलंस, त्याच वर्षी."

तो उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, "मला विचारायचं तरी होतंस. मी काय केलं असतं ते तुला काय ठाऊक?"

"ठाऊक होतं, दादा," ती म्हणाली. "तू आला असतास."

त्यानं बापाची जागा दाखव म्हटलं. ती त्याला शेतात घेऊन गेली. पण इतक्या वर्षांच्या नांगरटीनं खूण उरली नव्हती. ती शेताच्या कडेनं चालली, थांबली, परत फिरली. शेवटी म्हणाली, "इथंच कुठेतरी." महामंत्री उभ्या राळ्यात गुडघ्यावर बसला आणि जिथं हात पोचेल तिथली माती कपाळाला लावत राहिला. रडू मात्र त्याला येईना. तेव्हा बहिणीनं त्याचा हात धरला आणि त्याला धबधब्यापाशी नेलं. तिथं तो बापासाठी रडला, आईसाठी रडला. रडता रडता तिच्याकडे वळून काहीतरी बोलला. पाण्यामुळे तिला ते ऐकू आलं नाही. पुन्हा विचारावं असं तिला त्या वेळी वाटलं नाही.

बोयान राजधानीला परतला. काही दिवसांनी कचेरीचे शिपाई गावात आले, ढोल वाजवून लोकांना गोळा केलं आणि फर्मान वाचून दाखवलं. महामंत्री शू बोयान यानं स्वतः गुन्हा कबूल केला होता. बाप मेल्याचं त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आसनाच्या लोभानं त्यानंच ते लपवलं आणि घरच्यांना, गावकऱ्यांना धाक घालून गप्प बसवलं. म्हणून त्यांना माफी. बोयानला दक्षिणेच्या सरहद्दीवर हद्दपारी. असल्या कुपुत्राचं नाव यापुढे कुणी उच्चारू नये.

सुइयिन पुढे झाली. हे खोटं आहे, एवढंच तिला म्हणायचं होतं. पण आजूबाजूला तिनं पाहिलं. मुखिया होता, खड्डा खणणारे होते, नांगर फिरवणारा होता, त्यांची लेकरं होती. तिनं एक शब्द काढला असता तर सगळ्यांचं मरण होतं, आणि भावानं केलेलं फुकट गेलं असतं. ती वाकून जमिनीला टेकली आणि फर्मान मान्य केलं. धबधब्यापाशी तो हेच म्हणाला असेल का, ह्याचा विचार तिनं पुढे जन्मभर केला, असं म्हणतात.

बोयान परत आला नाही. तो सरहद्दीवर तापानं गेल्याची बातमी मिठाच्या व्यापाऱ्यांकडून फार उशिरा आली. नदीकाठचे लोकसुद्धा त्याला दूषणं देत होते. बापाचं मढं लपवून आसनाला चिकटला, म्हणत होते. त्याच्याच बांधाआड ते सुखानं झोपत होते. सुइयिन सगळं ऐकायची आणि घागर उचलायची. त्याचं नाव घ्यायची बंदी होती, म्हणून पाण्याशी उभी राहून ती नुसतं "दादा" म्हणून ओरडायची. सोबतच्या बायांना नाव ठाऊक होतं, कारण ठाऊक होतं. त्याही तिच्याबरोबर ओरडू लागल्या.

आजही युनशीत म्हातारी जावो की तान्हं मूल जावो, माणसं धबधब्याशी जातात तेव्हा पहिली हाक "दादा" अशीच देतात. थानची बायको गेल्या हिवाळ्यात गेली. त्यानंही आधी तीच हाक मारली, आणि मग तिचं नाव घेतलं.