भुरी म्हशीला मिळालेली सूट

त्या राज्यात पाणी कुणाच्याच मालकीचं नव्हतं, पण ते गढूळ करायचं तर सूट घ्यावी लागे. तीही दोघांकडून. आधी ओढ्याचा कारभार बघणाऱ्या बगळेरावांची, मग त्यांचेही वरिष्ठ, संगमावर राहणाऱ्या कासवमहाराजांची. रिवाज साधा होता: सूट मागणाऱ्याने आपल्या जागी पाणी थोडं ढवळून दाखवायचं आणि सूट देणाऱ्याने तिथंच, खालच्या अंगाला पाण्यात उभं राहून आपले पाय बघायचे. दिसले, तर खुशाल हो म्हणायचं.

त्या उन्हाळ्यात भुरी म्हशीने ओढ्यात लोळायची सूट मागितली. तिचंही खोटं नव्हतं, ऊन अगदी मी म्हणत होतं. बगळेराव उभे राहिले ते थेट झऱ्यापाशी, भुरीच्या जागेपासून चांगलं वरच्या अंगाला. तिथं पाय काय, नखंसुद्धा दिसत होती! म्हैस हलली की किडे उडतात आणि बगळ्यांची चंगळ होते, हे काही ते कुणाला सांगत बसले नाहीत. ‘काही चुकलंच, तर महाराज बघतील,’ असं म्हणून त्यांनी मान डोलावली. महाराजांनी संगमावरच्या मोठ्या नदीत पाय बुडवले. ‘जागेवर जाऊन बगळेरावांनी पाहिलं असेलच,’ म्हणाले, आणि डोकं कवचात घेऊन झोपले.

झालं! भुरी पाण्यात पडली आणि खालच्या वळणावर राहणाऱ्या सुळकी पाणमांजरीचे हाल सुरू झाले. तिची दोन पिल्लं मासे डोळ्यांनी हेरून धरायची. आता बुडी मारली की हाती चिखल. पिल्लं उपाशीपोटी कुरकुरली की सुळकीचा जीव तीळतीळ तुटे.

ती बगळेरावांकडे गेली. “अगं, शेवटचा शब्द महाराजांचा,” ते म्हणाले.

ती संगमावर गेली. “बाई, ओढा बगळेरावांचा. आम्ही कशाला मध्ये पडू?” महाराज म्हणाले.

सुळकीचं डोकंच फिरलं. “माझी पोरं उपाशी मरताहेत आणि तुमची आपली टोलवाटोलवी! उद्या सकाळी माझ्या दारात येऊन पाय बघा. नाही आलात, तर तुम्ही कुठं पाय बुडवलेत ते साऱ्या ओढ्याला ओरडून सांगते.” परत जाताना तिने बगळेरावांनाही हेच ऐकवलं.

सकाळी काठावर ही गर्दी! महाराज पाण्याखालूनच आले आणि वळणावर तळाशी जाऊन बसले. कुणाला दिसलेच नाहीत. थोड्या वेळाने बगळेराव उतरले. पायांखाली काही टणक लागलं, तसे ते ऐटीत उभे राहिले आणि त्यांनी मान वाकवून पाहिलं. पाय कुठले दिसायला! पण सगळे बघत होते. ते खाकरले.

“तसं... ठीकच आहे पाणी. महाराज येऊन बघतीलच.”

खालून बुडबुडे आले आणि त्यांच्यासोबत आवाज. “कोण आहे रे वर? मला इथं काहीएक दिसत नाही. बगळेरावांना बोलवा, त्यांनी सगळं पाहिलंय!”

काठावर एकच हशा उसळला. काय झालं म्हणून भुरीही उठून काठावर आली आणि सगळं कळल्यावर अंग हलवून हलवून हसली. सुळकी तर हसता हसता रडायला लागली. ओढ्यात आता कुणीच लोळत नव्हतं. गाळ हळूहळू खाली बसला. पिल्लांना मासळीची शेपटी चमकलेली दिसली, आणि दोघांनी धपाधप बुड्या मारल्या.

बगळेरावांनी पुन्हा मान वाकवली. आधी त्यांना आपले पाय दिसले, मग पायांखालचं कवच, आणि मग कवचातून मान बाहेर काढून वर बघणारे महाराजांचे डोळे.