तांबट आळीचा अर्ज

राजा भद्रसेनाची दुपारची झोप मोडली आणि त्याने हुकूम सोडला, "तांबट आळीतले ठोके बंद! नाहीतर आळी रिकामी करा!"

आता ठोक्यांशिवाय तांब्याचा हंडा घडवायचा कसा, हे काही राजाने सांगितलं नाही. सांगणार कुठून? उभ्या जन्मात त्याने स्वतःच्या हाताने विडासुद्धा लावला नव्हता!

तांबट हवालदिल होऊन वाड्यावर धावले. राजा म्हणाला, "आम्ही मत बदलू. पण लेखी पटवून द्या! आणि अर्जात आमच्या हुकुमाविरुद्ध एक अक्षर जरी दिसलं, तर आळीवर नांगर फिरवू!"

आळीतल्या सगुणाला लिहिता-वाचता येत होतं. ती तडक त्र्यंबकपंतांच्या लेखनशाळेत गेली. दरबारी अर्ज कसा लिहावा, हे पंत शिकवत. त्यांचा स्वतःचा एकही अर्ज आजवर मंजूर झाला नव्हता, पण तोरा काय विचारता!

"आधी स्तुती," पंत म्हणाले. "मग शास्त्रांचे दाखले. मागणी अगदी शेवटी."

"महाराज कुठवर ऐकतात, पंत?"

"स्तुती संपेपर्यंत. प्रत्येक वाक्याला 'खरं आहे!' म्हणतात. मग पेंगतात."

"मग मागणी शेवटी कशाला?"

"कार्टे, रीत आहे ती!" पंत कडाडले.

सगुणाने त्यांना नमस्कार केला आणि घरी येऊन मोजकीच वाक्यं लिहिली. दुसऱ्या दिवशी ती दरबारात वाचायला उभी राहिली.

"महाराजांसारखा शूर त्रिभुवनात नाही!"

"खरं आहे!" राजाने मिशीवरून हात फिरवला. झुरळ दिसलं की स्वारी पलंगावर चढते, हे अख्ख्या दरबाराला ठाऊक होतं.

"महाराजांसारखा ज्ञानी झाला नाही, होणार नाही!"

"खरं आहे!"

"महाराज असे प्रजावत्सल, की दुपारी तांबट आळीचे ठोके कानी पडले की 'माझी प्रजा कामात आहे' म्हणतात आणि समाधानाने कूस बदलून झोपी जातात!"

"खरं आहे!" राजा म्हणाला, आणि त्याचा हात मिशीवरच थांबला.

सगुणाने कागदाची घडी घातली. "अर्ज संपला. महाराजांना पटला, आळी आभारी आहे!"

"थांब!" राजा ओरडला. "ते शेवटचं साफ खोटं आहे!"

हुकुमाविरुद्ध मात्र त्यात एक अक्षर नव्हतं, त्यामुळे नांगरही फिरवता येईना.

"खोटं असेल तर आत्ता खोडते, महाराज." सगुणाने लेखणी काढली. "पण आधीच्या दोन वाक्यांनाही आपण अगदी असंच 'खरं आहे' म्हणालात. ती ठेवू, की तीही खोडू?"

दरबारी मंडळी आपापल्या पायांचे अंगठे बघू लागली. राजाने एकदा सगुणाकडे पाहिलं, एकदा त्या लेखणीकडे, आणि मग तो पोट धरधरून हसत सुटला.

"काही खोडू नकोस, पोरी! ठोका म्हणावं, खुशाल ठोका!"

त्याने सगुणाला सोन्याचं कडं दिलं आणि लेखनशाळाही तिच्याच हाती सोपवली. त्र्यंबकपंतांना त्याच दिवशी तिथे विद्यार्थी म्हणून नाव घालावं लागलं.