गोदाआत्याची मंगलाष्टकं आणि भिवाचे अठ्ठेचाळीस हजार

ढोलेवाडीत एक भोळा पेटीवाला राहायचा. नाव भिवा. पेटी वाजवायचा छान, आणि सांगितलेलं ऐकायचा त्याहून छान. एकदा बायको म्हणाली, "दुधावर नजर ठेवा." दूध उतू गेलं, शेगडी विझली, पण भिवाची नजर काही हलली नाही.

या भिवाला एक आत्या होती. गोदाआत्या. कानानं मंद, पण गळा असा खणखणीत, की घरातलं एकही लग्न तिच्या मंगलाष्टकांशिवाय लागलं नव्हतं. आणि नेमकं भिवाच्या बहिणीच्या मुलीचं, मंजूचं लग्न आठ दिवसांवर आलं असताना आत्या मोरीत घसरली आणि अंथरुणाला खिळली. लग्न बारा कोसांवरच्या कार्यालयात. आत्याला जागचं हलवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. फोनवरून गाऊ द्यावं, तर तिला फोनवरचं काही ऐकू येत नसे. कधी सुरू करायचं तेच कळलं नसतं.

मंजू रडायलाच लागली. "मामा, आजीच्या आवाजाबिगर मी अंतरपाटासमोर उभी ऱ्हाणार न्हाई."

"येवढंच व्हय?" भिवा म्हणाला. "आवाज म्या आणतो की!"

घरबसल्या गाणी तयार करायची भिवाला नवी हौस लागली होती. एक माइक घेतला होता. माइकची वायर एका डब्यात जायची, डब्याची कॉम्प्युटरात. त्यानं आत्याच्या उशाशी सगळं मांडलं. कॉम्प्युटरनं विचारलं, सॅम्पल रेट किती? बिट किती? खाली आकड्यांची उतरंड होती. भिवानं बाजारात कलिंगड निवडावं तसा सगळ्यांत मोठा आकडा निवडला. एक लाख ब्याण्णव हजार. बिट बत्तीस. लग्न घरचं, हात आखडता कशाला घ्यायचा?

आत्यानं गायला सुरुवात केली. दुसऱ्या कडव्याला कॉम्प्युटरला धाप लागली. तिसऱ्याला तो गपगार झाला. आत्याला ते ऐकूच आलं नाही, ती आठही कडवी म्हणून मोकळी झाली.

भिवा तालुक्याला गेला. तिथं दिगूमास्तरांचा छोटासा स्टुडिओ होता. मास्तर हसले. "अरे, सॅम्पल रेट म्हणजे एका सेकंदात आवाजाचे किती नमुने टिपायचे ते. आणि बिट म्हणजे एकेक नमुना किती बारकाईनं मापायचा ते. मोठं ते चांगलं असं नसतं. कानाला ऐकू येईल तेवढंच घ्यावं. बाकीचं ओझं."

"आलं ध्यानात!" भिवा म्हणाला.

भिवा असं म्हणाला, की शहाण्यानं सावध व्हावं. पण मास्तरांना अजून ते माहीत नव्हतं.

घरी येऊन भिवानं विचार केला. कानाला ऐकू येईल तेवढं. कुणाच्या? गाणं आत्याचं, तेव्हा कान आत्याचा. त्यानं शहाण्णव हजारांवर दोन ओळी घेतल्या आणि तिला ऐकवल्या. "आत्या, ऐकू येतंय?"

"काय?"

म्हणजे एवढं ओझं नको. भिवा खाली उतरला. अठ्ठेचाळीस हजार. "आत्या, ऐकू येतंय?"

"जेवले की मघाशी!"

चव्वेचाळीस, बत्तीस, बावीस. भिवा उतरत उतरत आठ हजारांवर आला. बिटही आठच. त्याच्या खाली पायरीच नव्हती. तिथं त्यानं मंगलाष्टकं टिपली आणि फाइल मास्तरांना नेऊन ऐकवली. आत्या जणू रांजणात बसून तोंडावर गोधडी घेऊन गात होती.

मास्तरांनी कपाळावर हात मारला. "कान लग्नातल्या माणसांचा रे! आता मी सांगतो तेवढंच कर. रेट अठ्ठेचाळीस हजार, बिट चोवीस. एकदा ठरला की रेट बदलायचा नाही. दुप्पट केलास तर आवाज दुप्पट पळतो, निम्मा केलास तर निम्म्यानं रेंगाळतो. आणि आवाज काठोकाठ भरायचा नाही. काठोकाठ भरला की फाटतो. वर जागा सोडायची."

"आलं ध्यानात!"

आणि काय नवल, या खेपेला रेकॉर्डिंग झकास झालं. आवाज स्वच्छ, शेवटचं "सावधान" तर असं घुमलं, की भिवाच्या अंगावर काटा आला. तो एवढा खूश झाला, की मास्तरांचा धडा घरात जिथं तिथं वापरायचा असं त्यानं ठरवलं.

दुसऱ्याच दिवशी मंजूच्या सासरची माणसं आत्याची विचारपूस करायला आली. नवरदेवाचे आजोबा आले, चार मोठी माणसं आली. चहा भिवानं स्वतः ओतला. प्रत्येक कपात तळाला बोटभर.

आजोबा कपात डोकावले. "ह्ये काय, पाव्हणं?"

"काठोकाठ भरायचं न्हाई," भिवा अदबीनं म्हणाला. "फाटतंय. वर जागा सोडलीया."

"जागा दिसली," आजोबा म्हणाले. "च्या दिसंना."

पाहुणे फुगून गेले. भिवाच्या बायकोनं त्याला चांगलं फैलावर घेतलं. "लग्नघरात माणसाच्या मनासारखं वागावं! कुणाच्या तोंडातनं इच्छा निघाली, की दुसरा शब्द निघायच्या आत पुरी करावी!"

"आलं ध्यानात!" भिवा म्हणाला.

लग्नाचा दिवस उजाडला. मुहूर्त बारा वाजून सतरा मिनिटांचा. नवरदेवाचे मित्र बँडपुढं नाचता नाचता हलेनात. नवरदेव बोहल्यावर आला तेव्हा बारा वाजून तेरा मिनिटं झाली होती. मामा म्हणून भिवा मंजूच्या पाठीशी उभा, शेजारच्या टेबलावर त्याचा कॉम्प्युटर. अंतरपाट धरला. भटजींनी घड्याळ बघितलं आणि ते पुटपुटले, "अष्टकं आठ मिनिटांची, उरली चार. निम्म्या वेळात उरकली असती तर बरं झालं असतं."

इच्छा निघाली. दुसरा शब्द निघायच्या आत भिवानं रेट दुप्पट केला. शहाण्णव हजार.

स्पीकरमधून खारुताईच्या आवाजात गोदाआत्या सुटली. "सावधान!" लोकांनी अक्षता टाकल्या. मूठ भरायच्या आत पुन्हा "सावधान!" पोरं खाली पडलेल्या अक्षता वेचून परत टाकू लागली. एका बाईंनी गडबडीत नवरदेवावर आपला रुमाल टाकला. बँडवाले ताशा कधी वाजवायचा या घोळात दर कडव्याला वाजवू लागले. अंतरपाट थरथरत होता, कारण तो धरणारे दोघं हसून हसून वाकले होते. आणि बरोबर बारा सतराला शेवटचं "सावधान" किंचाळून आत्या थांबली. मुहूर्त साधला!

भिवानं अभिमानानं इकडंतिकडं बघितलं. मंजू हसत होती, पण डोळे भरले होते. "मामा," ती हळूच म्हणाली, "आजी कुठं होती ह्यात?"

भिवाला खरंच वाईट वाटलं. आता पोरीसाठी काहीतरी करायचंच, असं त्यानं मनाशी घेतलं.

चार वाजता पाठवणी निघाली. कार्यालयाच्या दारात सासरच्या दोन जीपगाड्या उभ्या. मंजू आईच्या गळ्यात पडली. भिवाची बहीण पदरानं डोळे पुसत म्हणाली, "पोर आणखी जराशी रेंगाळली असती तर!"

रेंगाळणं! हे तर मास्तरांनी शिकवलेलं होतं. भिवा धावत आत गेला. रेट निम्मा केला, चोवीस हजार, आणि आवाज दारातल्या कर्ण्यावर सोडला.

कर्ण्यातून जो आवाज निघाला तो माणसाचा नव्हता. जाड, खोल, एकेक अक्षर जात्यातून भरडून काढावं तसा. "साऽऽऽ... वऽऽऽ... धाऽऽऽ..."

"पळा!" आजोबा ओरडले. सत्तरी उलटलेला माणूस जीपमध्ये उडी मारून बसला. त्यांच्यामागं सगळं वऱ्हाड. पुढच्या गाडीला वाटलं नवरा-नवरी मागच्या गाडीत आहेत, मागच्या गाडीला वाटलं पुढच्या. धुरळा खाली बसला तेव्हा मंजू आणि तिचा नवरा सुजित दारातच होते. दोघं वाकून आईच्या पाया पडत होते, ते तसेच राहिले होते.

"रेंगाळली की न्हाई?" भिवा म्हणाला.

सुजित पोटभर हसला. स्वभावानं चांगला होता. "मामा, तुमचा टेम्पो हाय न्हवं? गाड्या माघारी येईस्तोवर आजींच्या पाया पडून येऊ."

टेम्पो ढोलेवाडीला आला तेव्हा ऊन कलायला आलं होतं. मुंडावळ्या बांधलेल्या मंजूला दारात बघून आत्या उशीवर कोपर टेकून उठली. तिनं दोघांना समोर उभं केलं, मध्ये स्वतःची शाल धरायला लावली आणि कुणी काही म्हणायच्या आत गायला लागली. काय गायली! गळा थोडा थरथरत होता, एकदा श्वासाला थांबली, एकदा मंजूचं नाव घेताना रडली. शेजारच्या बाया कणकेचे हात तसेच घेऊन दारात उभ्या राहिल्या. मंजूनं डोळे मिटून सगळं ऐकलं. असं लग्न त्या घरात कधी लागलं नव्हतं.

गाणं संपलं. मंजूनं वळून बघितलं. कोपऱ्यात भिवा आल्याआल्याच कॉम्प्युटर लावून बसला होता आणि त्यावर लाल दिवा पेटलेला होता.

"मामा! टिपलंत?"

"तर! पहिल्या अक्षरापासनं! अठ्ठेचाळीस हजार, बिट चोवीस. रेटला हात लावला न्हाई."

मंजूनं मामाच्या गळ्यात हातच टाकले. "ऐकवा!"

भिवानं ऐकवलं. एक मिनिट गेलं. दोन गेली. स्पीकरमधून चकार शब्द नाही.

"मामा, आवाज कुठं हाय?"

"आवाज काठोकाठ भरायचा न्हाई, वर जागा सोडायची," भिवा म्हणाला. डब्यावरची आवाज कमीजास्त करायची खुंटी त्यानं पार शून्यावर नेऊन ठेवली होती. "आता लगीन घरचं. मग हात कशाला आखडायचा? म्या समदीच जागा सोडली."

कुणाला हसावं का रडावं कळेना. तेवढ्यात आत्यानं खूण करून स्पीकर जवळ मागवला. त्याला कान लावला. बराच वेळ ऐकलं, आणि समाधानानं मान डोलावली.

"झ्याक आलंय रं, भिवा," ती म्हणाली. "मला रोज ऐकू येतं, तस्संच."