शेंदरात अडकलेल्या सात घटिका

“तांबटाची पोर केली खरी, पण हातोड्यांच्या दणदणाटात वाढलेली. बहिरी नसली तर मुकी नक्कीच!” भागूबाई शेजारणीला सांगत होत्या. भिंतीआड नवी सून सगुणा भाकरी थापत होती. तिनं ते नीट ऐकलं आणि भाकरी उलटली.

तेवढ्यात दारात शिपाई आला. महाराजांनी घरातल्या सगळ्यांना दरबारात बोलावलं होतं.

सगुणाचा नवरा कोंडिबा आणि सासरा आळीपाळीनं राजवाड्याच्या देवडीवर वेळ मोजत. पाण्यानं भरलेल्या घंगाळात तांब्याची वाटी तरंगायची. तिच्या बुडाला बारीक भोक. त्यातून पाणी चढून वाटी बुडाली, की एक घटिका झाली. लगेच टोला द्यायचा, वाटी रिकामी करून पुन्हा सोडायची. एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत असे साठ टोले पडायचे.

“काल त्रेपन्नच पडले!” राजा वीरमदेव कडाडला. “माझ्या राज्यातल्या सात घटिका कुणी चोरल्या?”

“महाराज, आमचा डोळाही लागला नाही,” कोंडिबा म्हणाला.

राजज्योतिषी वेणीमाधवशास्त्र्यांनी उपरणं सावरलं. “कलियुगात काळ आकसतो, असं शास्त्र आहे. शिवाय शनी वक्री. शिवाय हा झोपाळू.”

तिन्ही कारणं एकदम खरी कशी, हे दरबारात कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या.

“ऐक कोंडिबा,” राजा म्हणाला. “वाटी आणखी एकदा बुडायच्या आत माझ्या सात घटिका या तळहातावर आणून ठेव. नाहीतर आजच्या आज बिऱ्हाड उचलायचं आणि राज्याबाहेर व्हायचं!”

भागूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. कोंडिबा खाली बघत राहिला. सगुणा मात्र देवडीवरून दरबारात आणून ठेवलेल्या घंगाळाकडे बघत होती. मग ती दाराशी गेली, कोपऱ्यातल्या खराट्याचा एक हीर उपसला आणि घंगाळापाशी आली.

“अगं, दरबार आहे हा!” सासू पुटपुटली.

सगुणानं वाटी उचलून उपडी केली, भोकात हीर फिरवला आणि टोकाला आलेला लाल कण राजाच्या तळहातावर ठेवला.

“घ्या महाराज. सात घटिका.”

“हा तर शेंदूर!”

“हो. रोज नवऱ्याची भाकरी घेऊन देवडीवर येते, तेव्हा बघते. आठ दिवसांपासून शास्त्रीबुवा कालदेवाची पूजा करतात. वाटीला तेलातला शेंदूर फासतात, आतून, बाहेरून, बुडालासुद्धा. भोक बुजत चाललं, वाटी उशिरा बुडायला लागली, टोले कमी झाले. कलियुग एवढंसंच आहे, महाराज. हिराच्या टोकावर मावलं.”

“पुरावा?” शास्त्री ओरडले.

“तुमचंच शास्त्र. साठ दीर्घ अक्षरं म्हणायला जेवढा वेळ लागतो, ते एक पळ, आणि साठ पळांची घटिका. मी वाटी सोडते. तुम्ही म्हणा.”

राजानं मान हलवली. शास्त्री ‘रा रा रा’ म्हणू लागले. दर साठ अक्षरांना शिपाई एक खडा टाकत होता. चाळिसाव्या खड्याला शास्त्र्यांचा घसा बसला, पन्नासाव्याला उपरणं गळालं. साठावा खडा पडला आणि वाटी गुळुप्पकन बुडाली.

राजा इतका हसला, की तळहातावरचा शेंदूर उडाला. त्यानं कोंडिबाला पागोटं दिलं, सगुणाला सोन्याच्या पाटल्या दिल्या आणि शास्त्र्यांना रोज सकाळी वाटी घासायचं काम दिलं.

“पण पोरी,” डोळे पुसत त्यानं विचारलं, “आठ दिवस बघत होतीस, मग गप्प का राहिलीस?”

सगुणानं एकदा शास्त्र्यांकडे पाहिलं, एकदा सासूकडे.

“तांबटाच्या घरी हातोडे थांबल्यावरच बोलतात, महाराज. इथले आत्ता थांबले.”