हद्दीपलीकडे एकाचे तीन

बोरखळ नावाच्या गावात एक भोळा आचारी राहत असे. नाव भागुजी. हाताला चव होती, आणि कान असे तयार की सांगितलेला एकही शब्द तो खाली पडू देत नसे. याच गुणापायी त्याच्या तीन नोकऱ्या गेल्या होत्या.

चौथी लागली अण्णा घरतांकडे. अण्णा सहलीची बस नेत. यंदा बावीस माणसं घेऊन ते डोंगरापलीकडच्या झुलंग देशाला निघाले होते. माणसं इथलीच. परदेशात गेली तरी दुपारी त्यांना वरणभात लागायचा, म्हणून आचारी बरोबर.

अण्णा म्हणाले, "भागुजी, बावीस माणसं नेतोय. बावीसच्या बावीस घरी परत आली तर तू कायमचा. एक जरी कमी आलं तर मला तोंड दाखवू नकोस."

भागुजीची बायको गोदा म्हणाली, "अहो, ही नोकरी गेली तर मी माहेरी जाते. अण्णा सांगतील अगदी तसंच करा. आणि रोज संध्याकाळी फोन करा."

"अगदी तसंच करतो," भागुजी म्हणाला.

निघण्याआधी अण्णांनी त्याला समजावलं. "झुलंगमध्ये रुपये चालत नाहीत, तमो चालतात. हद्द ओलांडली की आपल्या एकाचे तीन होतात. परत येताना तिनाचा एक. एवढं डोक्यात ठेव."

भागुजीनं ठेवलं. पाच दिवसांना तीस किलो तांदूळ लागणार होते, त्यानं दहा घेतले. डाळ, तेल, तिखट, सगळं तिसरा हिस्सा.

हद्द ओलांडल्यावर त्यानं पोत्याचं तोंड सोडून पाहिलं. दहा किलो. थोडा वेळ थांबला. पुन्हा पाहिलं. दहाच.

"अण्णा, अजून तीनपट झाले नाहीत. वेळ लागतो का?"

अण्णांना कळायला जरा वेळ लागला. मग ते म्हणाले, "अरे बाबा, ते पैशाचं सांगितलं होतं. पैशाचं. तांदळाचं नाही."

"बरं. फक्त पैशाचं," भागुजी म्हणाला, आणि मनाशी गाठ मारली.

संध्याकाळी गोदानं विचारलं, "नोकरी आहे का?"

"आहे."

दुसऱ्या दिवशी अण्णांनी त्याला दोन हजार रुपये दिले आणि तमो घेऊन यायला सांगितलं. स्टँडवर एक गोड बोलणारा माणूस भेटला. म्हणाला, खिडकीवर एकाचे तीन देतात, मी चार देतो. भागुजी बंडल घेऊन आला. वरची नोट खरी होती. खालची नोट खरी होती. मधे लॉटरीची जुनी तिकिटं होती.

अण्णांनी डोक्याला हात लावला. "रस्त्यावरच्या माणसाकडून काही घ्यायचं नाही. काचेमागे बसतो त्याच्याकडूनच घ्यायचं. आणि पावती मागायची."

"बरं," भागुजी म्हणाला.

तिसऱ्या दिवशी तो भाजी आणायला गेला. बाजारभर बायका टोपल्या घेऊन बसल्या होत्या, पण सगळ्या रस्त्यावर. काचेमागे एकही नाही. एकीनं त्याला कोथिंबीर फुकट देऊ केली. तो तिला म्हणाला, "पावती?" तिनं कोथिंबीर परत टोपलीत टाकली. दुपारी काचेमागे बसलेला एक औषधवाला त्याला सापडला. त्याच्याकडून भागुजीनं ग्लुकोजचे बावीस पुडे आणले.

जेवताना सहलीतल्या सुलभाकाकूंनी घास तोंडात घेतला आणि थांबल्या. "भागुजी, भात गोड का लागतोय?"

"पावती आहे, काकू."

अण्णा त्याला पंगतीतून बाजूला घेऊन गेले. "भाजी रस्त्यावरच घ्यायची असते. आणि सांगतील त्याच्या निम्म्यात घ्यायची. कितीही नाही म्हणाले तरी हटायचं नाही. समजलं?"

"समजलं. निम्म्यात. हटायचं नाही."

चौथ्या दिवशी सगळ्यांना तारेवरच्या पाळण्यातून डोंगरावर जायचं होतं. अण्णांनी भागुजीला तिकीट-खिडकीवर धाडलं. खिडकीवाला म्हणाला, "बावीस तिकिटांचे चव्वेचाळीसशे तमो."

"बावीसशे," भागुजी म्हणाला.

तो नाही म्हणाला. भागुजी हटला नाही. मागची रांग वाढत गेली. शेवटी खिडकीवाला कंटाळून म्हणाला, "बावीसशेत अकरा येतील."

"द्या," भागुजी म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं कुणाला निम्म्यावर आणलं होतं.

अकरा जण वर गेले, अकरा खाली राहिले. मंडळींत पाच जोडपी होती. पाच नवरे वर, पाच बायका खाली. त्या दहांपैकी कुणीच तक्रार केली नाही. तक्रार खाली राहिलेल्या बाकीच्या सहा जणांची होती.

"नोकरी आहे का?" गोदानं संध्याकाळी विचारलं.

"मघापर्यंत होती."

पाचव्या दिवशी बस हद्दीवर आली. अण्णा म्हणाले, "मी ठाण्यात जाऊन कागदांवर शिक्के घेतो. तू हे उरलेले तीन हजार तमो खिडकीवर दे आणि रुपये घे. इथलं चिल्लर आपल्याकडे कुणी घेत नाही, त्याचे शेंगदाणे घे. दुसरं काही करू नकोस."

भागुजीनं शेंगदाणे घेतले. मग तीन हजार तमो काचेखालून सरकवले. आतून एक हजार आले. डोळ्यांदेखत तिनाचा एक झाला होता.

"तुमच्या देशाचा पैसा येतो तरी कुठून?" त्यानं विचारलं.

खिडकीतला म्हातारा निवांत होता. म्हणाला, "थोडा वेलदोड्यातून. बराचसा आमची पोरं बाहेरदेशी कामाला जातात, ती पाठवतात. आणि तुम्ही पाहुणे येता, त्यातून. खरं सांगू का दादा, तुम्ही माणसं म्हणजेच आमचा पैसा."

भागुजी जागच्या जागी उभा राहिला. ही माणसं म्हणजे पैसा. आणि परत जाताना पैशाच्या तिनाचा एक. त्यानं शेंगदाण्याच्या पुडीवर हिशेब केला. बाविसांचे सात होत होते, वर एकाचा तिसरा हिस्सा. तो हिस्सा सुलभाकाकूंचा निघाला तर घरच्यांना काय सांगायचं? नोकरी जाणार. गोदा माहेरी जाणार.

समोरच्या स्टँडवर बाहेरदेशी कामाला निघालेली पोरं पेट्या घेऊन बसली होती.

"पलीकडे येता का?" भागुजीनं विचारलं.

"भाडं किती घेणार?"

"काही नाही."

पोरं धावली. भागुजीनं दारात उभं राहून चव्वेचाळीस मोजून घेतले. पंचेचाळिसाव्याला हात जोडले. "तू आलास तर हिशेब बिघडेल, भाऊ."

अण्णा शिक्के घेऊन आले, तेव्हा टपावर माणसं होती, शिडीवर माणसं होती, आणि सुलभाकाकूंच्या मांडीवर कुणाची तरी पेटी होती.

"हे कोण?" अण्णांनी अगदी हळू विचारलं.

"अण्णा, बावीस निघाले असते तर सातच पोचले असते. आता सहासष्ट आहेत. पलीकडे बरोबर बावीस होतील."

अण्णा खालीच बसले. तेवढ्यात हद्दीचा अधिकारी आला. त्यानं यादी पाहून चव्वेचाळीस जणांना उतरवलं आणि लेखी खुलासा करायला अण्णांना दंडाला धरून उठवलं. भागुजी मागे पेट्या उतरवून देत होता. जाता जाता अण्णा ओरडले, "गाडी पलीकडे नेऊन उभी करा. भागुजी, माणसं मोज. बावीस भरल्याशिवाय जागची हलवायची नाही."

बस पलीकडे गेली. भागुजीनं एकेकाच्या डोक्याला हात लावून मोजलं. पुन्हा मोजलं. सहासष्टाचे नेमके बावीस झाले होते.

"चला," तो ड्रायव्हरला म्हणाला. "भरले."

"आणि अण्णा?"

"अण्णा बाविसांत नाहीत."

मंडळी भाताला कंटाळली होती. सगळ्यांना घरी जेवायची घाई होती.

संध्याकाळी गोदानं विचारलं, "नोकरी आहे का?"

"आहे. कायमची. बावीस नेले, बावीस आणले."

"देव पावला. अण्णा काय म्हणाले?"

"अजून काही म्हणाले नाहीत," भागुजी म्हणाला. "ते झुलंगलाच आहेत."