ओटीत आलेल्या आवडीची कहाणी

ऐका सटवाई माते, तुमची कहाणी. गोड नाही, तरी ऐका.

आटपाट नगराला लागून राजाची छावणी होती. छावणीत कोंडिबा नावाचा शिपाई होता, हौसा त्याची बायको. घरात खायला होतं, ल्यायला होतं, पाळणा मात्र हलत नव्हता. हौसानं उपास केले, नवस केले, देवीच्या ओट्या भरल्या. गर्भ राहावा आणि गळावा, राहावा आणि गळावा, पुन्हा राहावा आणि गळावा. मग तिनं दुसऱ्यांच्या बारशाला जाणं सोडलं.

एके दिवशी दारी एक म्हातारी आली. हौसानं तिला पाणी दिलं, भाकरी दिली, टेकायला पाट दिला. म्हातारी म्हणाली, "बाई, पोटी नसेल तर ओटीत घे. निराधार बायांच्या आश्रमात एक लेक जन्मली आहे, तिच्या आईला ती पोसवत नाही. पण तुला वसा घ्यावा लागेल."

हौसा म्हणाली, "तो वसा कसा?"

"लेकरू घरी आलं की त्याचं नाव तीन दारी सांगावं. देवाच्या दारी, गावाच्या दारी, पलटणीच्या दारी. लपवू नये, लांबवू नये, घेतला वसा टाकू नये."

हौसा बरं म्हणाली. म्हातारी दिसेनाशी झाली. ती सटवाई होती, हे तुम्हां-आम्हांला कळतं. हौसाला कळलं नाही.

आता पलटणीचं दार कशाला, तेही ऐका. शिपायानं सीमेवर उभं राहावं, मागं त्याच्या बायकापोरांचं औषधपाणी राजानं करावं, असा करार होता. कुणी त्याला विमा म्हणत, कुणी राजाचं छत्र म्हणत. पण पोटच्या लेकराला छत्र पहिल्या श्वासापासून, ओटीतल्याला पलटणीचा हुकूम निघाल्यापासून. असा नेम कुणी केला? ज्याच्या मांडीवर कधी लेकरू तापलं नाही, त्यानं केला.

मग कोंडिबा सुट्टीवर आला. दोघांनी लेक ओटीत घेतली. जावळ दाट, मुठी घट्ट. हौसानं तिला देवापुढं ठेवलं, हळूच नाव सांगितलं, आवडी. एक दार झालं.

मग सासू म्हणाली, "हौसे, जन्म देणारीचं मन फिरलं तर तिला लेक मागता येते. ती मुदत सरेपर्यंत तोंडातून ब्र काढू नको." हौसा भ्याली. तिनं बारसं केलं नाही, पेढे वाटले नाहीत, लेक रडली की खिडकी लावून घेतली. दुसरं दार राहिलं.

मग कोंडिबाची सुट्टी संपली. तो म्हणाला, जाताजाता पलटणीत नाव कळवतो, हुकूम निघायला वेळ लागतो. हौसानं त्याचा हात धरला. "एवढ्यात नको. आपली म्हटलेली सगळी गेली. हिला आपली म्हणू नका, म्हणजे ही राहील." कोंडिबाला तिच्याकडे बघवेना. नाव न कळवताच तो बर्फातल्या ठाण्यावर निघून गेला. तिसरं दारही राहिलं. वसा मोडला.

मग आवडी पिवळी पडली. डोळे पिवळे, तळवे पिवळे, दूध ओढीना. हौसा छावणीच्या दवाखान्यात धावली. वैद्य भला होता. म्हणाला, हिला निळ्या दिव्याखाली ठेवायला हवं, तो दिवा मोठ्या दवाखान्यात आहे, राजाच्या छत्राची चिठ्ठी आणा, लगोलग पाठवतो.

हौसा चिठ्ठीच्या खिडकीशी गेली. कारकुनानं विचारलं, तुम्ही बाळंत झाल्याचं पलटणीला ठाऊक नाही, मग ही कुणाची? हौसा म्हणाली, ओटीतली. मग हुकूम आणा, तो म्हणाला. हौसा पलटणीच्या कचेरीत गेली. तिथं सांगितलं, शिपायानं स्वतः कळवावं लागतं. बर्फात निरोप पोचेना. मग ती थेट मोठ्या दवाखान्यात गेली. तिथं म्हणाले, आधी पैसे, नाहीतर चिठ्ठी. लेकीला छातीशी धरून ती पुन्हा खिडकीशी आली.

कारकुनालाही लेकीबाळी होत्या. तो म्हणाला, "ताई, नाव तर सांगा. मी वर विनवून बघतो."

"आवडी," हौसा म्हणाली. "आवडी कोंडिबा शेळके. माझी लेक." माणसांत तिनं ते नाव पहिल्यांदा उच्चारलं. रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं. आवडीची मूठ तेवढ्यात सैल झाली होती.

मग निरोप पोचला, मग हुकूम निघाला. आवडीचं औषधपाणी आजपासून राजाकडे, असं त्यात होतं. हौसा रडली नाही. लेकीला जिथं पुरलं होतं तिथं जाऊन बसली. तिथं म्हातारी आली. हौसानं आता तिला ओळखलं, पाय धरले.

"आई, मी वसा टाकला. मला काय हवी ती शिक्षा कर, लेक परत दे."

सटवाई म्हणाली, "शिक्षा मी केली नाही. सहाव्या रात्री येऊन मी तिच्या कपाळी म्हातारपण लिहून गेले होते."

"मग ती गेली कशी?"

"मुली, त्या खिडकीत कपाळ वाचत नाहीत."

"मग तू लिहितेस कशाला?" हौसा म्हणाली.

सटवाईला उत्तर आलं नाही. इतर कहाण्यांत इथं गेलेलं लेकरू उठून बसतं. बायांनो, हिच्यात ते उठलं नाही.

मग छावणीत कुणाच्या ओटीत लेकरू आलं की हौसा त्या दारी जाऊन बसे. बोलत नसे. घरातलं कुणी पलटणीत नाव कळवून येईपर्यंत हलत नसे. लोक तिला अभद्र म्हणत, दार लावून घेत. ती उंबऱ्याबाहेर बसून राही. त्या घरांतली लेकरं जगली. हौसाला त्यांचं सुख झालं नाही, खोटं कशाला सांगू? दुसऱ्याच्या लेकरानं आपली मांडी भरत नाही.

सटवाई माते, हौसाला जे लाभलं नाही, ते तुम्हां-आम्हां लाभो. तिच्यासारखं फळ कुणाला न येवो. ही साठां प्रश्नांची कहाणी, एका उत्तरावाचून संपूर्ण.