शिंत्रेकाकांची निर्दोष लेन्स

माल विकणाऱ्यानेच परीक्षेचे आव्हान द्यावे आणि त्यात स्वतःच सापडावे, या कथेची रूपे अनेक आहेत. कुठे तो सराफ असतो, कुठे अत्तरवाला. कोल्हापूरचे छायाचित्रकार सांगतात त्या रूपात तो कॅमेऱ्यांचा दुकानदार आहे.

हेमांगी गुळवणी या शिक्षिकेच्या खिडकीत कोळ्याची अंडी फुटण्याच्या बेतात होती आणि नेमकी तेव्हाच, बारीक जीव मोठे दाखवणारी तिची मॅक्रो लेन्स बिघडून बसली. ती शिंत्रेकाकांच्या दुकानात धावली. काकांनी वापरलेली एक लेन्स मोठ्या तोऱ्यात पुढे केली. किंमत ऐकून हेमांगीचा चेहरा पडला.

"काका, माझ्या साध्या लेन्सने नाही का भागणार?"

"अगं, तिनं लग्नातले फोटो काढावेत! बारीक जिवांना हीच हवी. हिच्या काचेत एक दोष दाखव आणि तुला परवडेल त्या पैशांत घेऊन जा."

साधी लेन्सही उलटी धरली की बारीक गोष्टी मोठ्या दाखवते. हेमांगीने आपली लेन्स कॅमेऱ्यावरून काढली, उलटी करून कॅमेऱ्याच्या तोंडाशी हाताने धरली आणि काकांच्या लेन्सच्या काचेचा फोटो टिपला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर बुरशीचे तलम धागे पसरलेले दिसले.

"काका, कोळी माझ्या घरी आणि जाळं तुमच्याकडे?"

काका आधी ओशाळले, मग खो खो हसले. "हरलो, पोरी. ने ही."

"ती राहू द्या. माझ्या ज्या लेन्सला तुमची बुरशी दिसली, तिला माझी पिल्लंही दिसतील. उलटी लेन्स पक्की बसेल अशी एक रिंग तेवढी द्या."

काकांनी कपाटातून रिंग काढली आणि स्वतःच्या हाताने तिच्या लेन्सवर बसवून दिली.